चांदबीबीची मोहोर

चांदबीबीच्या तोफांची गोष्ट नगरमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. १५९५च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला आणि चांदबीबीने ते खिंडार रातोरात बुजवून घेतले. इथवर इतिहास. पुढे आख्यायिका सुरू होते. गोळे संपले तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची नाणी भरली, मग चांदीची, मग सोन्याची; शेवटी दागिनेही डागले म्हणतात.

त्या तोफांतली सोन्याची नाणी आजही आसपासच्या गावांतून उगवत असतात. मला जुनी नाणी वाचता येतात हे कळल्यापासून वर्षाकाठी एखाददुसरे माणूस रुमालात बांधलेली ‘चांदबीबीची मोहोर’ घेऊन माझ्या दारात येते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भिंगारकडच्या एक बाई आल्या. मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. मोहोर सराफाकडे मोडावी, की जुने नाणे म्हणून तिचे जास्त पैसे येतील, एवढेच त्यांना विचारायचे होते.

नाणे पिवळेधमक होते, पण कडेला घासून तांबूस झालेले. वरच्या बाजूला डाग दिल्याची खूण होती, म्हणजे कधीकाळी तिथे कडी असणार. झिजलेली फारसी अक्षरे निजामशाही नाण्याची होती. आपल्या हाती येणारी निजामशाही नाणी बहुतेक तांब्याचीच असतात. मी ते काट्यावर ठेवले. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, तांबे जेमतेम नऊपट. तेवढ्याच आकाराची खरी मोहोर याच्या दुपटीहून जड भरली असती. कसोटीच्या दगडाची गरजच पडली नाही. तांब्याच्या पैशावर सोन्याचा मुलामा होता.

मुलामा म्हटला की आपल्या मनात लबाडी येते. पण कडी लावलेले नाणे बाजारात खपवायला नव्हे, गळ्यात घालायला केलेले असते. आपली पुतळ्यांची माळ तरी काय आहे? व्हेनिसमध्ये १२८४पासून पाडले जाणारे, साडेतीन ग्रॅमचे सोन्याचे डुकाट व्यापारातून इकडे आले. त्यांच्यावर एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राजप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या कोंदणात येशू. आपल्या लोकांना त्यात बाहुल्या दिसल्या, म्हणून पुतळी. कुणाला रामसीताही दिसले. इथले सोनार मग तशाच पुतळ्या पाडू लागले आणि ज्यांना सोने झेपत नव्हते त्यांनी चांदीवर मुलामा देऊन घेतल्या. पाऱ्यात सोने विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा धातूवर चोळायचा आणि तापवायचा. पारा उडून जातो, सोने धरून राहते. ती वाफ कारागिराच्या अंगात भिनायची, हात कापू लागायचे.

माझ्या आजीच्या माळेत मधल्या पाच पुतळ्या सोन्याच्या होत्या, बाकीच्या मुलाम्याच्या. तिने हे कधी लपवले नाही. वाटणी करताना सुनांना एकेक पुतळी उलटून दाखवली होती. मुलामा खोटा ठरतो तो सांगणारे माणूस गेल्यावर.

किंवा ते गप्प बसल्यावर. १८८३ साली अमेरिकेत पाच सेंटचे नवे नाणे निघाले. त्यावर रोमन पाचाचा आकडा होता, पण ‘सेंट’ हा शब्दच नव्हता आणि आकार पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याजवळ जाणारा. लोकांनी मुलामा देऊन ते पाच डॉलर म्हणून खपवले. त्याच वर्षी सरकारला ‘सेंट’ शब्द घालावा लागला. त्यावरची दंतकथा मोठी गमतीची आहे. जॉश टेटम नावाचा एक मुका-बहिरा माणूस पाच सेंटची वस्तू घेई, नाणे ठेवी आणि उरलेले पैसे मुकाट्याने उचली. हे पाच डॉलर आहेत असे तो कधी बोललाच नाही, म्हणून कोर्टात सुटला! इंग्रजीत थट्टेला ‘जॉशिंग’ म्हणतात ते त्याच्यावरूनच, असेही सांगतात. तो शब्द मात्र त्याआधी कित्येक वर्षे वापरात होता.

आपल्या जिल्ह्यातल्या ‘स्वस्तात सोन्या’च्या बातम्या मी वाचतो तेव्हा हा टेटम आठवतो. खोदकामात हंडा सापडला म्हणून सांगायचे, एक खरे नाणे देऊन ‘तुमच्याच सराफाकडून तपासून घ्या’ म्हणायचे. पुढचे सगळे गिऱ्हाईकच मनाशी रचते. पैसे घेऊन आले की पिशवीत पितळ निघते, नाहीतर आडरानात मारहाण होते. आणि फसलेला पोलिसांत जायला कचरतो. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. आपण काय घ्यायला निघालो होतो ते त्यालाही ठाऊक असते.

म्हणून मी त्या बाईंना आधी विचारले, “ताई, हे विकत तर घेतलं नाही ना?”

“नाही हो सर. सासूबाईंच्या सासूबाईंचं आहे. दर लक्ष्मीपूजनाला ताटात असतं.”

मग मी सगळे सांगितले. नाण्याचे किती येतील तेही सांगितले. त्यात फीचा एक हप्ताही निघाला नसता. त्या बराच वेळ नाण्याची तांबूस कड अंगठ्याने चोळत राहिल्या.

“सासूबाईंना माहीत असेल का हो?”

मी काय सांगणार? त्यांनी रुमालाची गाठ मारली. “फीचं बघू काहीतरी. पूजेच्या आत हे देवघरात परत ठेवायला हवं. त्यांना न विचारता आणलंय.”