वाडीतले पुजाऱ्याचे घर

नृसिंहवाडी, म्हणजे लोकांच्या तोंडची नरसोबाची वाडी, हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात मोडत असले, तरी पौर्णिमेला तेथे जमणाऱ्या गर्दीत निपाणी, चिक्कोडी आणि बेळगावकडची माणसे नेहमीच असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने निपाणी-बेळगावचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न त्यानंतर आजतागायत लोंबकळत राहिला, पण निपाणीच्या घराने वाडीत कोणाकडे उतरायचे हे त्याआधीच ठरून गेलेले होते. आजोबा ज्या पुजाऱ्याकडे उतरत त्याच्याच घरी नातवाने उतरावे, असा हा रिवाज आहे.

या रिवाजाचे मूळ देवस्थानाच्या घडणीत आहे. दत्तावतार मानले गेलेले श्रीनृसिंहसरस्वती येथे बारा वर्षे राहिले आणि गाणगापुरास जाताना आपल्या पादुका मागे ठेवून त्यांची पूजा जवळच्या आलास गावच्या भैरंभटांकडे सोपवून गेले, असे परंपरा सांगते. पूजेचा हक्क पुढे त्यांच्या वंशजांकडे चालत आला. मंदिरात मूर्तीऐवजी पादुका पूजल्या जातात आणि वास्तूला नेहमीचे शिखर नाही; विजापूरच्या आदिलशहाने आपल्या मुलीची दृष्टी परत आल्यावर हे मंदिर बांधविले, अशी कथा त्याच्याशी जोडलेली आहे. वंश वाढला तशी घाटाकडे उतरणाऱ्या बोळांतून पुजाऱ्यांची घरे वाढली आणि दूरगावच्या भक्ताची पूजा ज्याने सांगायची, त्यानेच त्याच्या अंथरुणाची आणि पानाची सोय पाहायची, अशी व्यवस्था रुळली. भक्त हा यजमान, म्हणजे ज्याच्या नावाने संकल्प सोडला जातो तो. घर पुजाऱ्याचे असले तरी विधीतला यजमान पाहुणाच असतो.

म्हणूनच या घराला लॉज समजणे चूक ठरेल, कारण खोली हा तेथील मूळ व्यवहार नसून पूजेला जोडून आलेली सोय आहे. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या द्राक्षबागांच्या गावांत अशाच घडणीची घरे आढळतात. तेथे वाइन करणारे कुटुंब आपल्या घरच्या काही खोल्या पाहुण्यांना देते आणि स्वतःच्या बागेतली वाइन वर्षातून फार तर चार महिने, चाळीस आसनांच्या मर्यादेत, घरातच पाजू शकते. त्या दिवसांत दारावर हिरव्या फांद्यांचा झुपका, किंवा काही भागांत केरसुणी, टांगलेली दिसते. दोन्हीकडे घराचा धंदा वेगळाच आहे, पाहुणा त्या धंद्यापायी येतो आणि त्याला निजायला जागा लागते. फरक असा की मोझेलकाठी खोलीचा दर आधी ठरतो, तर वाडीत दक्षिणेचा आकडा पूर्वी भक्ताच्या ऐपतीवर सोडलेला असे, आणि किती द्यावे, किती मागावे या संकोचाचा भार कधी यजमानावर तर कधी पुजाऱ्यावर पडत असणार.

अशा घरातला दिवस मंदिराच्या वेळापत्रकाने चालतो. पहाटे काकड आरतीच्या सुमारास बोळातून पावले वाजू लागतात, संगमावर स्नान करून आलेल्यांची ओली धोतरे आणि लुगडी दोरीवर पडतात आणि सोवळ्याची वस्त्रे मात्र कोणाचा हात लागू नये म्हणून उंच वलनीवर काठीने टाकली जातात. दुपारची महापूजा आटोपल्याशिवाय पाने मांडली जात नाहीत. गुरुचरित्राचा सप्ताह, म्हणजे सात दिवसांत ग्रंथाचे पूर्ण पारायण, करणारा भक्त आठवडाभर मुक्कामाला असतो, त्यामुळे त्याचे हविष्यान्न, त्याचे मौन आणि त्याचे चटईवरचे निजणे हे सारे घरातल्या बाईमाणसांना सांभाळावे लागते. या व्यवस्थेचा खरा भार त्यांच्यावर असूनही तिच्या वर्णनांत पुजारीच तेवढा दिसतो. परतताना पिशवीत पेढे आणि कवठाची बर्फी असतेच.

गर्दीचे दिवस ठरलेले आहेत: मार्गशीर्षातली दत्तजयंती, आश्विन वद्यातली गुरुद्वादशी आणि बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आल्यावर भरणारे कन्यागत महापर्व, जे २०१६ मध्ये भरले होते. तिथी पाहून न येणारी गर्दी पावसाळ्यातली असते. नदीचे पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून निरोप मिळताच माणसे मिळेल त्या गाडीने निघतात. पाणी आणखी चढले तर देवाच्या उत्सवमूर्तीला उंचावरच्या जागी हलवावे लागते आणि त्यानंतर पाळी घरांची येते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत वाडीतील घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी पुजाऱ्याची गाद्या-भांडी वरच्या मजल्यावर जातात आणि पाहुण्यांना ठेवून घेणारे कुटुंबच दुसऱ्यांच्या आश्रयाला जाते.

अलीकडे भक्तनिवास आणि लॉज झाले, घरोघरी संडास-बाथरूम जोडलेल्या खोल्या आल्या आणि त्यांचे दरही ठरले. तरुण कुटुंबे गाडीने सकाळी निघून संध्याकाळी निपाणीला परत पोहोचतात, त्यामुळे मुक्कामच उरत नाही. अभिषेक करायचा झाला म्हणजे मात्र वडिलांच्या डायरीतला जुना नंबर शोधून त्याच घरी फोन केला जातो, आणि पलीकडचा पुजारी आडनाव ऐकताच गोत्र स्वतःच सांगतो.