बाईच्या दुखण्याची तपासणी

पुणे-बेंगळुरू हमरस्त्यालगत कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहे. तिथल्या कापडाच्या आणि शिलाईच्या कारखान्यांत आसपासच्या गावांतल्या पुष्कळ बाया कामाला जातात. दिवसभर मशीनवर वाकून बसायचे, नाहीतर सुताच्या यंत्रापुढे उभे राहायचे, आणि घरी आल्यावर चूल नि गोठा आहेतच. मग कंबर धरते, ओटीपोट दुखते. सहा-सहा महिने हे दुखणे अंगावर काढून बाई दवाखान्यात गेली, की पुष्कळदा तिच्या पदरात एक सुई, चार गोळ्या आणि एक वाक्य पडते: "बायकांचं असं चालायचंच." आज बोलायचे आहे ते या वाक्याविषयी.

हे वाक्य काही आपल्या मुलखातच जन्मले असे नाही. हिस्टेरिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून आला. बाईची तक्रार कळली नाही, की ती मनाची म्हणायची, ही रीत तेवढी जुनी! कॅनडात 2008 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक पुरुष आणि एक बाई, दोघांचे गुडघे सारखेच झिजलेले, तक्रारही सारखीच. ही दोघे 71 डॉक्टरांना दाखवली. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया करा, असे पुरुषाच्या बाबतीत 67 टक्के डॉक्टरांनी सांगितले. बाईच्या बाबतीत अवघ्या 33 टक्के डॉक्टरांनी. डॉक्टर काही दुष्ट नव्हते, बरं का. बाई बोलू लागली की कान थोडा कमी उघडतो, एवढेच.

आता आपल्या महाराष्ट्रात या. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. 92 टक्के स्त्रियांना गर्भाशयाचे किंवा जननमार्गाचे काही ना काही दुखणे होते, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे दुखणे घरोघर होते. आत काय बिघडले हे कुणी पाहिलेच नव्हते.

याची दुसरी बाजू आहे ती आपल्या उसाच्या फडात. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरकडच्या कारखान्यांना येतात. नवराबायको मिळून एक कोयता. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखले, अंगावरून पांढरे गेले, तरी बाई मोळी उचलते. शेवटी डॉक्टरकडे जावे, तर तिथे पिशवी काढून टाकण्याचा सल्ला. जून 2019 मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले, की बीड जिल्ह्यात 3 वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. कधी कधी पिशवी काढावीच लागते, हे खरे. पण जंतुसंसर्ग औषधाने बरा होतो. आणि पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होऊ लागतात. एकीचे दुखणे "चालायचंच" म्हणून झटकले, दुसरीचे कापून टाकले. तपासले दोघींचेही नाही!

आणखी एक दुखणे सांगायला हवे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होते, तिला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जगात मूल होण्याच्या वयातल्या दर 10 स्त्रियांत सुमारे 1 स्त्रीला हे असते. पाळीत असह्य कळा येतात. आणि निदान व्हायला वर्षानुवर्षे जातात, कारण "पाळीत दुखतंच की" असे घरची आईसुद्धा म्हणते. शाळेतली मुलगी दर महिन्याला दोन दिवस घरी राहत असेल, तर शिक्षिकांनी हजेरीपत्रक एकदा त्या नजरेने पाहावे.

मग दवाखान्यात जाताना काय न्यावे? एक कागद. दुखणे कधीपासून आहे, नेमके कुठे आहे, पाळीशी त्याचा मेळ आहे का, कोणते काम करता येत नाही, आजवर काय औषध घेतले, हे त्यावर लिहावे. लिहिता येत नसेल तिला गुरुजींनी किंवा शाळेतल्या बाईंनी लिहून द्यावे. डॉक्टरांना सरळ विचारावे, "हे कशामुळं होतंय? पोट तपासून बघता का?" आणि पिशवी काढायला सांगितली, तर सोनोग्राफीचा कागद मागून घ्यावा आणि कोल्हापूरला सीपीआरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून मगच होकार द्यावा.