एकशे चोविसाव्या मजल्यावरची मगरिब

आखातात नोकरीला असलेला भाऊ, मेहुणा किंवा भाचा आपल्या बहुतेक घरांत असतोच. व्हिजिटवर कोणी गेले की पाहण्याच्या यादीत दुबईचा बुर्ज खलिफा पहिला लागतो. ८२८ मीटर उंचीची ही इमारत ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाली. ती उभारणाऱ्या कामगारांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे मजूर मोठ्या संख्येने होते. पाहुण्यांसाठीचा सज्जा १२४ व्या मजल्यावर, जमिनीपासून ४५२ मीटरवर आहे. लिफ्ट मिनिटभरात वर पोहोचवते. कानांत दडे बसतात, एवढाच काय तो त्रास.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो, ते सूर्यास्ताच्या वेळी. या वेळेचे तिकीट दिवसाच्या इतर वेळांपेक्षा महाग असते. सोबत आमच्या खाला होत्या आणि त्यांचा सोमवारचा नफिल रोजा होता. दिवसभर फिरून त्या थकल्या होत्या. खाली रस्त्यांवर दिवे लागले होते, गाड्या काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. तेवढ्यात मोबाइलवर मगरिबची अजान झाली. धाकटीने लगेच खजूर पुढे केला. खालांनी तो हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "बेटा, सूर्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. रोजा कसा खोलू?"

खरेच, आखाताच्या पाण्यावर सूर्याची लाल कड अजून शिल्लक होती. मेहुणे म्हणाले, "खाला, वेळापत्रकात वेळ झाली आहे. तुमची तब्येत पाहा." खाला ऐकेनात. कड पूर्ण बुडाली तेव्हाच त्यांनी बिस्मिल्लाह म्हटले. घड्याळ दोन मिनिटांहून थोडे पुढे सरकले होते.

खालांचे म्हणणे बरोबरच होते. २०११ च्या रमजानमध्ये दुबईच्या मुफ्तींनी याच इमारतीतील रहिवाशांसाठी सांगितले होते की, ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा करावा. वर सूर्य लवकर दिसू लागतो, म्हणून सहरीही तेवढी आधी संपवायची. विमानातील रोजेदारही खालच्या शहराची वेळ न धरता समोरचा सूर्य पाहतात, ते याच कारणाने.

हे कसे घडते? पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत संपते. १२४ व्या मजल्यावरून ते सुमारे ७५ किलोमीटरवर जाते. म्हणजे उंचावर क्षितिज आपल्या नजरेच्या खाली झुकते. येथे हा झुकाव जवळपास दोन तृतीयांश अंशाचा होतो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून वरच्या माणसाला सूर्य अडीच मिनिटांच्या आसपास जास्त दिसतो.

हाच झुकाव एक हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल-बिरूनी यांनी मोजला होता. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ त्यांनी आधी एका डोंगराची उंची काढली. मग माथ्यावर चढून क्षितिज किती खाली झुकते, हे पाहिले. उत्तर आले ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक. डोंगराची उंची आणि हा कोन, एवढ्या दोनच गोष्टींवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली आणि ती आजच्या मापाच्या बरीच जवळ आली. सज्ज्यावर आम्ही मुलींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी सेल्फी थांबवून पुन्हा एकदा क्षितिजाकडे पाहिले.

दुबईला जाणाऱ्यांनी तिकीट आधी काढावे, सूर्यास्ताच्या अर्धा तास अगोदर वर पोहोचावे, आणि रोजा असेल तर सूर्याकडे लक्ष ठेवावे. ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांच्यासाठी कोकणचा किनारा आहेच. संध्याकाळी मुलांना वाळूवर पालथे झोपवा. सूर्याची शेवटची कड पाण्यात गेली की त्यांना झटकन उभे राहायला सांगा. हवा स्वच्छ असेल तर ती कड क्षणभर पुन्हा दिसेल. माणसाच्या एवढ्याशा उंचीनेही सूर्यास्त काही सेकंद पुढे जातो, हा धडा मुले पुस्तकाशिवाय शिकतील.