बाउअरीवरील पंक संगीत आणि त्याच्या दिवंगत कलावंतांचे स्मरण

प्रस्तावना

कलेच्या इतिहासात एका व्यक्तीचे स्मरण करणे तुलनेने सोपे असते. जन्म-मृत्यूच्या तारखा, कृतींची यादी आणि एखादे छायाचित्र एवढ्या सामग्रीवर चरित्रलेख उभा राहतो. मात्र एखाद्या रस्त्यावर, ठरावीक काळात, एकमेकांना ओळखणाऱ्या काही माणसांनी मिळून घडविलेल्या कलाव्यवहाराचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न सहजासहजी सुटत नाही. त्या व्यवहारात कलावंतांइतकाच वाटा जागेचा, भाड्याचा, श्रोत्यांचा आणि योगायोगाचा असतो. संगीताच्या अभ्यासात अशा व्यवहाराला ‘सीन’ असे संबोधले जाते. मराठीत ‘वर्तुळ’ हा शब्द त्याला बराचसा जवळचा आहे. न्यूयॉर्क शहरातील बाउअरी या रस्त्यावर १९७४ नंतर आकारास आलेले पंक संगीताचे वर्तुळ आणि त्यातील दिवंगत संगीतकारांच्या आठवणीचे पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पंक ही रॉक संगीताची एक शाखा. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉक संगीत प्रचंड क्रीडागारांत, महागड्या सामग्रीसह सादर होऊ लागले होते आणि लांबलचक एकल वादनाला त्यात प्रतिष्ठा मिळाली होती. पंकने याच्या उलट दिशा धरली. दोन-अडीच मिनिटांचे गीत, तीन-चार कॉर्ड, द्रुत लय आणि वादनाचे औपचारिक शिक्षण नसलेल्यालाही मंचावर उभे राहण्याची मुभा, ही त्याची लक्षणे होत.

जागा आणि तिचा नियम

न्यूयॉर्कमधील नव्या बँडना आश्रय देणारे मर्सर आर्ट्स सेंटर ज्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत होते, ती इमारत ३ ऑगस्ट १९७३ रोजी कोसळली. ‘न्यूयॉर्क डॉल्स’ या बँडचा जम तेथेच बसला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिली क्रिस्टल या गृहस्थाने ३१५, बाउअरी येथील आपल्या मद्यालयाचे नाव बदलून ‘सीबीजीबी’ असे ठेवले. ही कंट्री, ब्लूग्रास व ब्लूज या तीन संगीतप्रकारांची आद्याक्षरे होत. क्रिस्टलला ग्रामीण धाटणीचे संगीत हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या दारी आले ते निराळेच. ‘टेलिव्हिजन’ हा बँड ३१ मार्च १९७४ रोजी तेथे प्रथम वाजला आणि १६ ऑगस्ट रोजी क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्सच्या चार तरुणांचा ‘रामोन्स’ हा बँड आला.

त्या काळातील बाउअरी म्हणजे निराधार व व्यसनी माणसांचा रस्ता. सीबीजीबीच्या माथ्यावरच रात्रीच्या भाड्याने खाट देणारे एक निवासगृह होते. १९७५ मध्ये खुद्द न्यूयॉर्क महानगर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. परंतु या दुरवस्थेमुळेच परिसरातील भाडी कवी, चित्रकार व वादक यांना परवडत. विल्यम बरोज याच रस्त्यावर राहत असे. १९६२ मध्ये मुंबईत येऊन गेलेला कवी अॅलन गिन्सबर्ग याचे घरही तेथून दूर नव्हते. पॅटी स्मिथसारखी कवयित्री काव्यवाचनाकडून गायनाकडे वळली, ती या शेजाराच्या पार्श्वभूमीवर.

क्रिस्टलने घातलेली एक अट या वर्तुळाच्या घडणीत निर्णायक ठरली, असे म्हणावे लागते. बँडने इतरांची लोकप्रिय गीते न वाजविता स्वतःच रचलेली गीते वाजवावीत, ही ती अट होय. त्यामागे थोर कलादृष्टी होतीच असे मानण्याचे कारण नाही; स्वामित्वधनाचा खर्च टाळण्याचा व्यावहारिक विचारही त्यात असल्याचे सांगितले जाते. परिणाम मात्र असा झाला की, एकाच अरुंद खोलीत परस्परांशी फारसे साम्य नसलेले बँड शेजारी शेजारी नांदू लागले. टेलिव्हिजनची गुंतागुंतीची गिटार, स्मिथची काव्यमय गायकी, ‘टॉकिंग हेड्स’चा नेमका ठेका, ‘ब्लाँडी’ची सुरेल गीते आणि रामोन्सचा एकसुरी वेग यांना ‘पंक’ हे एकच नाव कसे लागू पडते, असा प्रश्न आजच्या श्रोत्याला पडणे स्वाभाविक आहे. या नावाच्या प्रसारास जानेवारी १९७६ मध्ये निघालेल्या ‘पंक’ याच नावाच्या नियतकालिकाचा मोठा हातभार लागला. एकंदरीत त्यांना जोडणारा धागा शैलीचा कमी आणि जागेचा अधिक होता.

मृत्यू आणि त्याची दंतकथा

रामोन्सचा पहिला संग्रह एप्रिल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा गीते, अर्ध्या तासाहूनही कमी कालावधी आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे ६,४०० डॉलर. त्याच वर्षी ४ जुलै रोजी लंडनच्या राउंडहाउस सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला आणि तेथील तरुण संगीतकारांवर त्याचा खोल परिणाम झाला. मायदेशी मात्र विक्री बेताचीच राहिली. १९९६ मध्ये बँड विसर्जित होईपर्यंत २,२६३ कार्यक्रम करावे लागले, ही संख्या त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या उपजीविकेविषयी अधिक काही सांगते. पहिल्या संग्रहाला अमेरिकेतील विक्रीचे सुवर्ण प्रमाणपत्र मिळाले ते २०१४ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी. तोवर संस्थापक चौघांपैकी तिघे हयात नव्हते आणि चौथा, टॉमी, त्याच वर्षीच्या ११ जुलैला निवर्तला.

पंक संगीतकार म्हटले की अमली पदार्थ व अकाली मृत्यू अशी सांगड लोकमानसात घातली जाते. तिला आधार नाही असे नाही. डीडी रामोन ५ जून २००२ रोजी हेरॉइनच्या अतिसेवनाने मरण पावला. न्यूयॉर्क डॉल्स व ‘हार्टब्रेकर्स’ या बँडचा गिटारवादक जॉनी थंडर्स १९९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील एका निवासगृहात मृतावस्थेत आढळला. त्याचे दीर्घ व्यसन सर्वज्ञात होते. तथापि उर्वरित तिघा रामोन्सचे मृत्यू पाहिले तर निराळे चित्र दिसते. जोई १५ एप्रिल २००१ रोजी लिम्फोमाने, जॉनी १५ सप्टेंबर २००४ रोजी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने आणि टॉमी पित्तनलिकेच्या कर्करोगाने गेला. जोई मृत्यूसमयी एकोणपन्नास वर्षांचा होता. हिली क्रिस्टलही २००७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेला. ही माणसे बहुतांशी तुमच्या-आमच्या घरातील माणसे ज्या आजारांनी जातात त्याच आजारांनी गेली. दंतकथेला हे तपशील सोयीचे नाहीत, म्हणून ते मागे पडतात. आणि त्यांच्याबरोबर आजारपणातही काम करीत राहिलेल्या माणसांचे चित्रही पुसट होते. जोईचा एकल गीतसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो अशाच कामाचा पुरावा आहे.

स्मरणाची दुसरी अडचण भांडणांची. जोई आणि जॉनी यांच्यात १९८० च्या दशकाच्या आरंभापासून वैयक्तिक कारणावरून अबोला होता. तरीही एकाच वाहनातून प्रवास करीत ते सुमारे पंधरा वर्षे एकाच मंचावर उभे राहिले. जोईच्या अंत्यविधीस जॉनी गेला नाही. मृत्यूनंतर लिहिल्या जाणाऱ्या गौरवलेखांत या चौघांना ‘भाऊ’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यांनी स्वीकारलेले समान आडनाव ही कल्पना सुचविते. वास्तविक ते आडनाव रंगमंचापुरते होते. भावबंध आटल्यानंतरही व्यवसाय म्हणून वादन चालू ठेवणे हीदेखील या वर्तुळाच्या इतिहासातील एक खरी गोष्ट आहे आणि ती झाकण्यात कोणाचाच सन्मान नाही.

प्रसिद्धीच्या परिघाबाहेर राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. रिचर्ड हेल याच्या ‘व्हॉइडॉइड्स’ या बँडचा गिटारवादक रॉबर्ट क्वाइन २००४ मध्ये, जॉनी रामोनच्या काही महिने आधी वारला. तो कायद्याचा पदवीधर आणि प्रसिद्ध तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन यांचा पुतण्या. वाद्यावरील त्याची तुटक, धारदार शैली अनेकांनी अनुसरली. सामान्य श्रोत्याला मात्र त्याचे नाव ठाऊक नसते. या क्वाइनने १९६९ मध्ये एक श्रोता म्हणून ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या बँडचे कार्यक्रम साध्या यंत्रावर टिपून ठेवले होते. त्या फिती २००१ मध्ये त्याच्याच नावाने अधिकृतपणे प्रकाशित झाल्या. दुसऱ्यांचे संगीत जपून ठेवणारा हा मनुष्य स्वतः तितका जपला गेला नाही.

पाटी, छत आणि सदरा

सीबीजीबीची अखेर भाड्याच्या वादातून झाली. जागेची मुख्य भाडेकरू संस्था बेघरांसाठी काम करणारी होती आणि क्रिस्टलकडे नव्वद हजार डॉलरच्या आसपास भाडे थकल्याचा तिचा दावा होता. येथे एका पक्षाला खलनायक ठरविणे सोपे, पण अन्यायाचे होईल. ज्या दारिद्र्यामुळे संगीतकारांना हा रस्ता परवडला, त्याच दारिद्र्याशी झुंजणारी ती संस्था होती. आणि एव्हाना दोघांनाही न परवडणाऱ्या भावाकडे तो रस्ता निघाला होता. १५ ऑक्टोबर २००६ रोजी तेथे अखेरचा कार्यक्रम झाला. २००८ मध्ये त्याच जागेत उंची कपड्यांचे दुकान थाटण्यात आले आणि जुन्या भित्तिपत्रकांचा काही भाग शोभेसाठी राखण्यात आला. दारावरील कापडी छत क्लीव्हलंडच्या रॉक संगीत संग्रहालयात गेले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पंक व वेशभूषा या विषयावरील प्रदर्शनात सीबीजीबीच्या कुप्रसिद्ध स्वच्छतागृहाची प्रतिकृती उभारली. भिंतींवरील लिखाण हुबेहूब होते. दुर्गंधी अर्थातच नव्हती.

चौकाला दिवंगताचे नाव देण्याची रीत मराठी वाचकास परिचित आहे. बाउअरी व ईस्ट सेकंड स्ट्रीट यांच्या कोपऱ्याला २००३ मध्ये जोई रामोनचे नाव देण्यात आले. ती पाटी इतक्या वेळा चोरीस गेली की पुढे ती बरीच उंच बसवावी लागली. चोरणारे बहुधा चाहतेच असावेत. जॉनीचा कांस्य पुतळा २००५ च्या जानेवारीत हॉलिवूडमधील दफनभूमीत बसला आणि डीडीचे दफनस्थानही तेथेच आहे. क्वीन्सच्या मुलांची स्मारके अशी तीन हजार मैल दूर गेली.

सर्वाधिक पसरली ती बँडची मुद्रा. आर्तुरो वेगा या मेक्सिकोत जन्मलेल्या चित्रकाराने अमेरिकेच्या अध्यक्षांच्या राजमुद्रेवरून ती योजली होती. गरुडाच्या पंजात बेसबॉलची बॅट दिली होती. सीबीजीबीजवळच्या त्याच्या घरी जोई व डीडी काही काळ राहिले होते. वेगा २०१३ मध्ये वारला. एकही गीत न ऐकलेले असंख्य लोक ती मुद्रा छापलेला सदरा वापरतात, याविषयी जुन्या श्रोत्यांची तक्रार असते. ती अंशतःच रास्त आहे. हयातीत याच सदऱ्यांच्या विक्रीने बँडचा चरितार्थ चालण्यास मोलाची मदत केली होती. सदऱ्यावर मुद्रा राहिली. ज्या खोलीत कोणताही अनोळखी बँड स्वतःची गीते घेऊन येऊ शकत होता ती खोली, तिचे भाडे आणि तिची अट छापता येण्यासारखी नव्हती.

सीबीजीबीच्या अखेरच्या रात्री पॅटी स्मिथने तीन तासांहून अधिक काळ गायन केले. शेवटी तिने आपल्या १९७५ च्या पहिल्या संग्रहातील ‘एलेजी’ हे शोकगीत निवडले आणि त्याच्या ओघात, ही जागा सुरू झाल्यापासून मरण पावलेल्या संगीतकारांची व त्या वर्तुळातील इतरांची नावे वाचून दाखविली. कोण मोठा, कोण लहान, कोण कशाने गेला, याचा उल्लेख त्या वाचनात नव्हता. एकामागून एक केवळ नावे होती. त्या यादीत हिली क्रिस्टल नव्हता, कारण तो अद्याप हयात होता. त्यानंतर २०१४ मध्ये टॉमी रामोन, २८ जानेवारी २०२३ रोजी टेलिव्हिजनचा टॉम व्हर्लेन, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क डॉल्सच्या मूळ संचातील अखेरचा हयात सदस्य डेव्हिड जोहान्सन आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्लाँडीचा ड्रमवादक क्लेम बर्क हे निवर्तले.