कौलावरचं साल

सकाळी ६:५०. वाणगाव स्टेशनबाहेर रिक्षात आधी शिडी शिरते, मग आम्ही दोघं. प्रत्येक वळणावर रिक्षावाला "शिडी सांभाळा" म्हणतो. आमच्याबद्दल काही बोलत नाही.

७:३०. चिंचणीची वाडी. चिकू, नारळ, विहीर, कौलारू घर आणि गोठा. गोठा सोमवारी उतरवणार, म्हणून त्याआधी सगळं मोजून नकाशा काढून ठेवायला आज धावत आलो. पहिलं काम चतुःसीमा लिहिण्याचं. हे काम या गावाला नवं नाही. इथेच सापडलेल्या इ.स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात दान दिलेल्या गावाच्या सीमा अशाच लिहिल्या आहेत. तेव्हा संजाणचा कारभार मधुमती या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. आमच्या हातातल्या सातबाऱ्यावर विहीर आहे, झाडं आहेत. घराचा एक शब्द नाही.

८:१५. घरच्या काकी ओटीवर वाल सोलत बसल्यात. "पोर्तुगिजांच्या वेळचं घर आमचं," त्या सांगतात. खाडीपलीकडे तारापूरचा किल्ला उभा असल्यावर जुन्याला दुसरं नाव सुचणार तरी कोणतं? मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून १७३९ मध्ये घेतला. आत आता वाडीच आहे. त्यांचा पुतण्या मात्र पुरावा घेऊन येतो. मंगलोरी कौल, त्यावर 'बासेल मिशन' आणि १८६५. त्याचा चेहरा पाहून खरं सांगायला मन होत नाही. १८६५ हे कारखाना निघाल्याचं साल. त्यांनी पुढे कित्येक वर्षं कौलांवर तेच छापलं. घराचं वय त्यावरून काढणं म्हणजे पेढ्याच्या खोक्यावरचं 'स्थापना' वाचून पेढे किती दिवसांचे ते ठरवणं.

९:३०. मापं. टेप शून्यावर धरून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग वाचायची. दारं-खिडक्या सुट्या मोजून बेरीज केली की चुकाही बेरजेत येतात. मग दोन्ही कर्ण. माजघराच्या कर्णांत १४ सेंटिमीटरचा फरक निघाला, म्हणून दुसऱ्यांदा मोजलं. फरक खरा आहे, खोलीच तिरकी आहे. मागे एकदा मी टेप दहावर धरून ते दहा वजा करायला विसरले होते. घरी येऊन नकाशा काढला तर भिंती जुळेनात.

१२:३०. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. काकींनी तिसरी भाकरी न विचारता वाढली.

१:१५. गोठा. सोबत्याने शिडीवरून बॅटरी मारली आणि गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, वर या." तुळयांना जागोजाग रिकाम्या खोबणी, इथल्या एकाही खांबाशी न जुळणाऱ्या. सुताराने जोडणीसाठी कोरलेल्या खुणाही आहेत, पण त्यांचा क्रम उलटसुलट. ही लाकडं आधी दुसऱ्या घराची होती. बैलांच्या डोक्यावर कुणाचं तरी माजघर उभं आहे, आणि ते शेणाच्या वासामुळे कुणी पाहिलं नाही. पाहायला येणारे सगळे घराचे फोटो काढतात, कोरीव खांबाशेजारी उभे राहतात. गोठ्यात कोण शिरतो? दीड तास गेला. प्रत्येक खोबणीचं माप घेतलं, पट्टी ठेवून फोटो काढला. एका भिंतीची भेग २०१८ च्या भूकंपाच्या धक्क्यांत पडली, असं गडी सांगतो. तिच्या बाजूला त्याचे शब्द लिहिले, 'गड्याच्या सांगण्यावरून' असं जोडून.

३:२०. विहीर. रहाट कधीच गेला, त्याचे दोन दगडी आधार राहिलेत. बैल जिथे गोल फिरायचा तिथे आता केळी. विहिरीपासून निघालेला चुन्याचा पाट शोधत गेलो, तर तो गोठ्याच्या जोत्याखाली शिरून पलीकडे बाहेर पडतो. पाटावर जोतं बांधता येतं, जोत्याखालून पाट काढणं फार कठीण. म्हणजे पाट आधीचा, गोठा नंतरचा. साल नाही सांगता येत, क्रम सांगता येतो. दिवसभरात मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला.

५:३०. काकींना नकाशा दाखवला. त्यांनी आधी विहीर शोधली. "रहाट काढला नाहीस?" मी तुटक रेषेने काढला, नसलेली वस्तू तशीच दाखवतात.

चिंचणी-वरोरकडे कुणी वाडी उतरवत असेल, तर कौलं काढण्याआधी एक दिवस आम्हाला द्या. शिडी आम्ही आणू.