बालशिक्षिकेची उमेदवारी

व्यापारी घरातील मुलगा पेढीवर बसू लागला की त्याची पहिली काही वर्षे उमेदवारीची मानली जातात. मालाची पारख, गिऱ्हाइकाचा स्वभाव, उधारीची मर्यादा हे सारे हळूहळू अंगी येते, हे आपण जाणतो. परंतु त्याच घरातील लेक किंवा सून बालवाडीत शिकवू लागली, तर ‘लहान मुले सांभाळायची, त्यात शिकायचे ते काय?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. या प्रश्नामुळे अनेक गुणी शिक्षिकांची वाढ खुंटते.

पद्मश्री अनुताई वाघ यांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे चोख उत्तर आहे. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या. 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा अनुभवी शिक्षिका असलेल्या अनुताई तेथे पुन्हा विद्यार्थिनी होऊन दाखल झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. काम सांभाळूनच त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर पदवी मिळवली.

त्यांचे खरे शिक्षण मात्र मुलांच्या सहवासात झाले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने, बिया आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. पद्धत पुस्तकातून घ्यावी, पण समोरचे मूल पाहून ती बदलावी, हे या कामाचे मर्म होय.

आजच्या शिक्षिकेनेही याच वाटेने जावे. एखादे मूल अबोल का राहते, कोणत्या खेळात रमते, कशाने बिचकते, याची रोज चार ओळींची नोंद ठेवावी. महिन्याअखेरीस ती वही वाचली म्हणजे मुलाची प्रगती कळते, तशीच आपल्या शिकवण्यातील उणीवही कळते. हाती पेन्सिल देण्यापूर्वी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे यांतून बोटांत बळ येते. हे जाणणारी शिक्षिकाच ‘अजून लिहीत कसा नाही?’ म्हणणाऱ्या पालकांना शांतपणे समजावू शकते. सहकारी शिक्षिकेच्या वर्गात बसून पाहावे, आपल्या वर्गात तिला बोलवावे. बालमानसशास्त्राचे वाचन चालू ठेवावे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 हे वय शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आहे. बारावी किंवा अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर कमी शिक्षण असलेल्यांसाठी 1 वर्षाची पदविका त्यात सुचविली आहे. शासनाने जे ओळखले, ते संस्थाचालकांनीही ओळखावे.

बँकेत आम्ही व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालो की वेतनवाढ मिळत असे. प्रशिक्षणास जाणाऱ्याचा पगार कापला जात नसे. कारण कर्मचाऱ्याचे ज्ञान हे संस्थेचे भांडवल होते. बालवाडी चालवणाऱ्या विश्वस्तांनी हाच न्याय लावावा. इमारतीच्या रंगरंगोटीसाठी देणगी सहज मिळते. शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठीही अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी आणि वाढलेल्या पात्रतेनुसार मानधन वाढवावे.

पालकांनी प्रवेश घेताना वातानुकूलित वर्गाआधी एक प्रश्न विचारावा : ‘येथील शिक्षिकांनी गेल्या वर्षी नवीन काय शिकले?’ आणि ज्या घरातील सून स्वतः शिक्षिका आहे, त्या घराने तिला रोज अभ्यासासाठी एक निवांत तास द्यावा. दुकानातील उमेदवारीला आपण वर्षे देतो; नातवंडांचा पाया घालणाऱ्या हातांना हा एक तास जड वाटू नये.