पाच स्टार, पण कुणासाठी?

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत आमच्या घरात गाडी घ्यायची टूम निघाली. नवी नाही हं, सेकंडहँड. धाकट्या दिरांनी दोन गाड्या पाहून ठेवल्या होत्या. एक स्विफ्ट, दुसरी नेक्सॉन. दोन्ही 2019 च्या. मग काय, रोज रात्री जेवणं झाली की चर्चा! अॅव्हरेज किती, सर्व्हिसिंग कुठे, उद्या विकायला काढली तर किती येतील? सासूबाईंना पांढराच रंग हवा होता. नेक्सॉन थोडी महाग पडत होती, म्हणून गाडं स्विफ्टवर येऊन थांबलं होतं.

जाऊबाई मात्र गप्प होती. मांडीवर दोन वर्षांची लेक. शेवटी हळूच म्हणाली, ‘‘ताई, धडकली तर कुठली बरी?’’

सगळे तिच्यावर खेकसले, ‘‘शुभ बोल गं!’’ पण मला तो प्रश्न टोचत राहिला. तिचं माहेर उमरग्याचं. नळदुर्गवरून जाणारा तो सोलापूर-हैदराबाद रस्ता, त्यावरचे ट्रक तुम्हाला ठाऊक आहेतच. बचत गटांच्या कामानिमित्त मी जिल्हाभर फिरते. अपघातानंतर घरातल्या बाईचं काय होतं, ते जवळून पाहिलंय. म्हटलं, चला, माहिती तर काढू.

गाड्या मुद्दाम आदळून बघतात, हे मला नव्यानंच कळलं. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था आहे. आत माणसाच्या मापाचे पुतळे बसवून गाडी ताशी 64 किलोमीटर वेगानं अडथळ्यावर धडकवतात. हा वेग म्हणजे किती? पाचव्या मजल्यावरून खाली पडल्यावर जेवढा आदळ बसेल, तेवढा! मग पुतळ्याच्या डोक्याला, छातीला, गुडघ्याला किती मार लागला ते मोजून स्टार देतात. 2014 मध्ये आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं अशी तपासली, तर पाचही गाड्यांना भोपळा मिळाला होता.

आता आमच्या दोन गाड्यांचं पाहा. दोघींची परीक्षा 2018 सालीच झाली, नियमही तेच. मोठ्यांच्या सुरक्षेत स्विफ्टला पाचपैकी दोन स्टार, नेक्सॉनला पाच. दोन्ही गाड्यांत पुढे दोन एअरबॅग होत्या. मग फरक कशात? मोठा फरक सांगाड्यात. स्विफ्टचा सांगाडा अस्थिर ठरला, म्हणजे याहून जास्त मार तो सोसणार नाही. नेक्सॉनचा स्थिर राहिला. आपला जेवणाचा डबा पडला की एक चेपतो, एक शाबूत राहतो, तसंच.

पण यावरून कंपनीला नावं ठेवायची घाई नको. स्विफ्टवाल्या मारुतीच्याच ब्रेझाला त्याच वर्षी चार स्टार होते आणि 2024 मध्ये नव्या डिझायरला पाच मिळाले. म्हणून कंपनीचं नाव पुरत नाही, मॉडेल आणि साल विचारायचं. नेक्सॉनचंच बघा. आधी तिला चारच स्टार होते. बाजूच्या धडकेची अट पूर्ण झाली, पुढच्या दोघांनाही बेल्टची आठवण करून देणारी टिकटिक आली, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये पाचवा मिळाला.

इथवर वाचून मी खुशीत होते. मग खालची ओळ दिसली. मुलांचे स्टार वेगळे! स्विफ्टला तिथेही दोनच, पण पाच स्टारवाल्या नेक्सॉनला तीन. आणि तेही पुतळ्याची मुलं मागे लहान मुलांच्या खास सीटमध्ये बांधून बसवल्यावर. आईच्या मांडीवरच्या मुलाला कुठल्याच गाडीत स्टार नाही.

मला आमच्या नात्यातली एक घटना आठवली. मागच्या सीटवर आजी, मांडीवर दीड वर्षाची नात. पुढे म्हैस आली, करकचून ब्रेक लागला आणि पोर हातातून सुटून थेट पुढच्या सीटवर आदळली. कपाळाला सात टाके पडले. आजी आजही म्हणते, ‘‘मी घट्ट धरलं होतं गं.’’ धरलंच असणार. पण अशा वेळी दहा किलोचं मूल कित्येक पट जड होतं. कुणाचे हात पुरणार?

मागे बसलं की धोका नाही, हाही आपला गैरसमज. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बेल्ट न लावता बसलेले दोघे गेले. सरकारी आकडा सांगतो, 2022 मध्ये बेल्ट न लावलेले 16,715 जण देशात दगावले. त्यातले 8,331 चालक नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे नुसते बसलेले होते!

हे सगळं मी घरात वाचून दाखवलं. दीर म्हणाले, ‘‘वहिनी, पैसे कुठून आणू?’’ जाऊबाई उठली आणि भिशीचे पैसे आणून त्यांच्यापुढे ठेवले. म्हणाली, ‘‘पाटल्या पुढच्या वर्षी.’’

गाडी आली, नारळ फुटला. पुढे हौसेनं लावलेलं लोखंडी गार्ड आधी काढायला लावलं, कारण त्यानं एअरबॅगच्या कामात अडथळा येतो. केंद्र सरकारनं 2017 मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. मागचे बेल्ट शोधले, तर खटके सीट कव्हरखाली गाडलेले! ते वर काढले. लेकीसाठी वेगळी सीट मागवली. पहिले दोन दिवस ती रडली, आता स्वतःच जाऊन बसते.

तुळजापूरला दर्शनाला निघालो तर माणसं आठ, बेल्ट पाच. मी, सासूबाई आणि माझी लेक एसटीनं गेलो, अर्ध्या तिकिटात! सासूबाई वाटभर कुरकुरल्या, ‘‘घरची गाडी असून एसटी.’’ परत येताना मात्र त्यांना गाडीत मागे जागा दिली. बसल्या, आणि पदर सावरत म्हणाल्या, ‘‘ते खटक्याचं कसं लावायचं गं?’’

मैत्रिणींनो, तुमच्या गाडीतले मागचे खटके कुठे आहेत? आजच शोधा.